फक्त रेडिएशन, की सोबत किमोही? तोंड-घशाच्या कॅन्सरचा निर्णय घेताना

ट्यूमर बोर्डानं, म्हणजे एकत्र बसून उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या गटानं, फाईलवर 'रेडिएशन आणि किमो एकत्र' असं लिहिलं की घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, जे जे शक्य आहे ते सगळं द्या, मागे काही ठेवू नका. दुसऱ्याचं म्हणणं, आधीच घास उतरत नाही, वजन निम्म्यावर आलंय, त्यात किमोचं सलाइन कशाला? दोघांचाही जीव तुटत असतो. पण हातात आकडे कुणाच्याच नसतात, म्हणून वाद भावनेवर होतो आणि शेवटी घरातला जो मोठ्यानं बोलतो त्याचं चालतं. असं होऊ नये म्हणून हा आढावा.

माझं मत आधीच सांगते. रेडिएशनसोबत किमो जोडल्यानं फायदा होतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. मात्र हा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. कॅन्सर कुठल्या जागेचा, कुठल्या टप्प्यावरचा आणि रुग्णाचं शरीर कसं आहे, यावर तो ठरतो. आणि रेडिएशनमध्ये मोठा खंड पडला तर किमोनं मिळवलेलं बरंचसं हातचं जातं. त्यामुळे 'किमो झेपेल का' याच्या आधीचा प्रश्न 'सात आठवडे न चुकता लाईट (म्हणजे रेडिएशन) घेता येईल का' हा आहे.

इथली चर्चा बरा होण्याच्या आशेनं दिल्या जाणाऱ्या उपचारांची आहे. कॅन्सर फुप्फुसात किंवा हाडांत पसरला असेल तर हिशेब वेगळा असतो, तो इथे नाही.

आधी जागा बघा

'तोंडाचा-घशाचा कॅन्सर' हे एकच नाव आपण वापरतो, पण उपचाराच्या दृष्टीनं हे वेगवेगळे आजार आहेत.

गाल, हिरडी, जीभ, तोंडाचा तळ इथला कॅन्सर आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री, सुपारीमुळे सर्वाधिक दिसतो. यात पहिला उपचार ऑपरेशन. ऑपरेशन टाळण्यासाठी 'त्याऐवजी किमो-रेडिएशन करूया' असा आग्रह घरचे धरतात, कारण चेहरा बिघडेल ही भीती असते. ही भीती समजण्यासारखी आहे. पण ऑपरेशन शक्य असताना तोंडाच्या कॅन्सरमध्ये हा सौदा सहसा तोट्याचा ठरतो. इथे किमो-रेडिएशनची वेळ येते ती ऑपरेशननंतर, आणि तीही सगळ्यांवर नाही.

घशाचा मागचा भाग, स्वरयंत्र आणि त्यामागची अन्ननलिकेकडे जाणारी जागा इथे चित्र उलटं. ऑपरेशन म्हणजे अनेकदा स्वरयंत्र काढून गळ्याला कायमचं छिद्र. म्हणून वाढलेल्या टप्प्यातही बऱ्याच जणांना पहिला उपचार म्हणून किमो-रेडिएशन सुचवतात. नाकामागच्या घशाचा कॅन्सर तर मुळातच रेडिएशनला दाद देणारा आहे. तिथे अगदी सुरुवातीच्या टप्प्यात नुसतं रेडिएशन, पुढे किमोची जोड.

आणि कॅन्सर छोटा असेल, मानेत गाठ नसेल, तर कुठल्याही जागी सहसा एकच उपचार पुरतो, ऑपरेशन किंवा रेडिएशन. अशा रुग्णाला किमो सुचवली गेली तर 'का?' हे जरूर विचारा.

नुसतं रेडिएशन विरुद्ध रेडिएशन अधिक किमो

हीच मुख्य तुलना. फ्रान्समधल्या गुस्ताव रूसी संस्थेतून 'मॅक-एनसी' नावानं जगभरच्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला जातो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत १०७ चाचण्या आणि १९,८०५ रुग्ण आहेत. निष्कर्ष असा, की रेडिएशनच्या जोडीनं किमो दिल्यास ५ वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ६.५ टक्क्यांनी वाढतं. १० वर्षांनी हा फरक ३.६ टक्क्यांवर येतो.

हा आकडा नीट समजून घ्या, कारण तो दोन्ही बाजूंनी चुकीचा वापरला जातो. १०० जणांना किमो जोडली, तर ५ वर्षांनी त्यातले सहा-सात जण असे जिवंत असतात, जे नुसत्या रेडिएशननं नसते. उरलेल्यांपैकी काही नुसत्या रेडिएशननंही तरले असते आणि काहींना दोन्हींचाही उपयोग होत नाही. किमोचा त्रास मात्र सगळ्या १०० जणांच्या वाट्याला येतो. सहा-सात माणसं म्हणजे थोडी नव्हेत, आपल्या घरातला माणूस त्यातला असू शकतो. पण 'किमो नाही घेतली म्हणजे संपलंच' हेही खरं नाही.

मोठ्या, ऑपरेशन न होण्याजोग्या गाठींमध्ये फरक जास्त दिसलेला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ३ वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशननं २३ टक्के होतं, सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध जोडल्यावर ३७ टक्के.

मग वय. मॅक-एनसीमध्ये स्पष्ट दिसतं की वय वाढत जातं तसा किमोचा फायदा घटत जातो आणि सत्तरीनंतर तो दिसेनासा होतो. या वयात हृदय, किडनी, न्यूमोनिया अशा इतर कारणांनी मृत्यू वाढतात आणि किमोचं पारडं हलकं पडतं. रोज शेतावर जाणारे, तब्येतीनं ठणठणीत असे बहात्तर वर्षांचे आजोबा असले तर डॉक्टर अपवाद करतीलही. पण आजोबांना किमो दिली नाही म्हणजे त्यांना 'कमी प्रतीचे उपचार' मिळाले, असा सल घरच्यांनी मनात ठेवू नये.

किमो नेमकं काय करते, तेही बघू. रेडिएशनचे किरण कॅन्सरच्या पेशीतला डीएनए तोडतात. पेशी तो जोडून घ्यायचा प्रयत्न करते. सिस्प्लॅटिन त्याच डीएनएला चिकटतं आणि दुरुस्ती बिघडवतं. म्हणजे इथे किमो रेडिएशनची धार वाढवायला असते. म्हणूनच नुसत्या किमोनं हा कॅन्सर बरा होत नाही, आणि म्हणूनच 'किमो चालू ठेवू, लाईट पुढे बघू' हा विचार फसवा आहे.

धार वाढते ती चांगल्या पेशींवरही. तोंडातली सालं निघणं, घोट गिळताना आग होणं, मानेची कातडी काळवंडून सोलवटणं हे रेडिएशनचेच त्रास, पण किमोनं ते लवकर येतात आणि जास्त खोल जातात. ऑपरेशननंतरच्या रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत तीव्र त्रास झालेल्यांचं प्रमाण रेडिएशनच्या गटात ३४ टक्के होतं, किमो जोडलेल्या गटात ७७ टक्के. वर सिस्प्लॅटिनचे स्वतःचे त्रास येतात: उलट्या, किडनीवर ताण, कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज आणि ऐकू कमी येणं, हातापायांना मुंग्या. उलट्या बऱ्याच आटोक्यात ठेवता येतात, कानाचं नुकसान मात्र बहुधा कायमचं असतं.

किमो झेपत नसेल तर एक मधला मार्ग आहे, आणि तो रुग्णांच्या कानावर क्वचितच येतो. नेहमी आठवड्यातून ५ दिवस लाईट देतात, त्याऐवजी ६ वेळा द्यायची. एकूण डोस तोच, फक्त उपचार साधारण एक आठवडा आधी संपतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं विकसनशील देशांतल्या ९ केंद्रांत ही पद्धत तपासली. त्या जागी आणि मानेत कॅन्सर ५ वर्षं आटोक्यात राहण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. किमोइतका भक्कम पर्याय हा नाही, दोन्हींची तुलना झाली तिथे किमोच सरस ठरली. पण किडनी अधू असलेल्या रुग्णासाठी हा प्रश्न विचारायलाच हवा: 'सहा दिवसांची लाईट देता येईल का?'

ऑपरेशन झालंय, आता पुढे काय?

इथे उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ आहे, आणि ते बायोप्सीच्या अंतिम रिपोर्टात लिहिलेलं असतं. दोन गोष्टी शोधा. काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी उरल्या आहेत का? मानेतल्या गाठीचं आवरण फोडून कॅन्सर बाहेर आला आहे का?

यातलं एक जरी 'हो' असेल तर रेडिएशनसोबत किमोला अर्थ आहे. २००४ साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. दोन्हींचा हिशेब नंतर एकत्र केल्यावर फायदा मुख्यतः याच दोन प्रकारच्या रुग्णांना झाल्याचं दिसलं. अमेरिकी चाचणीचा १० वर्षांचा पाठपुरावा सांगतो की या जोखमीच्या रुग्णांत त्याच जागी किंवा मानेत कॅन्सर परतण्याचं प्रमाण नुसत्या रेडिएशननं सुमारे ३३ टक्के आणि किमो जोडल्यावर २१ टक्के होतं. बाकीच्या रुग्णांना धरून सगळा गट पाहिला तर एवढा फरक उरत नाही.

दोन्ही उत्तरं 'नाही' असतील आणि फक्त गाठी जास्त आहेत किंवा ट्यूमर मोठा आहे, तर नुसतं रेडिएशन हा पुरेसा आणि योग्य उपचार आहे. इथे 'असू दे, किमोही देऊन टाकू' या आग्रहाला माझा स्पष्ट विरोध आहे. त्रास नक्की वाढतो, फायदा दिसत नाही.

तीन आठवड्यांनी, की दर आठवड्याला?

सिस्प्लॅटिन द्यायच्या दोन रीती आहेत आणि हा तपशील घरच्यांना क्वचितच कुणी उलगडून सांगतं. डोस शरीराच्या क्षेत्रफळावर मोजतात. मध्यम बांध्याच्या माणसाचं क्षेत्रफळ साधारण १.६ चौरस मीटर धरू.

| | तीन आठवड्यांनी | दर आठवड्याला |
|---|---|---|
| डोस, दर चौरस मीटरला | १०० मिग्रॅ | ४० मिग्रॅ (काही ठिकाणी ३०) |
| वरच्या माणसाला एका वेळी | १६० मिग्रॅ | ६४ मिग्रॅ (किंवा ४८) |
| किती वेळा | ३ | ६ ते ७ |
| उलट्या, किडनी, कान | त्रास जास्त, एकदम | तुलनेनं सौम्य |
| मध्येच थांबवायची वेळ आली तर | एक डोस चुकला की तिसरा हिस्सा गेला | थोडं कमी-जास्त करता येतं |

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं ३०० रुग्णांवर या दोन रीतींची थेट तुलना केली आणि २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. बहुतेक रुग्ण ऑपरेशन झालेले होते. आठवड्याला ३० मिग्रॅच्या गटात २ वर्षांनी कॅन्सर आटोक्यात असलेले ५८.५ टक्के, तीन आठवड्यांच्या १०० मिग्रॅच्या गटात ७३.१ टक्के. तीव्र त्रास मात्र अनुक्रमे ७१.६ आणि ८४.६ टक्के. आपल्याच माणसांवरची, आपल्याच प्रकारच्या आजारावरची ही चाचणी आहे, म्हणून मी तिला फार मान देते.

मग २०२२ मध्ये जपानमधून दुसरा निकाल आला. तिथे ऑपरेशननंतरच्या जोखमीच्या रुग्णांना आठवड्याला ४० मिग्रॅ दिलं, आणि ते तीन आठवड्यांच्या १०० मिग्रॅपेक्षा उणं पडलं नाही. त्रासही कमी झाला.

दोन्ही निकाल खरे आहेत. फरक ३० आणि ४० चा आहे. म्हणून 'आठवड्याची किमो' असं कुणी म्हटलं की डोस विचारा. ४० असेल तर मला ती रीत पटते, विशेषतः वय साठीच्या आसपास असेल, मधुमेह असेल किंवा रुग्ण गावाहून एकटाच ये-जा करणारा असेल तर. ३० असेल तर कारण विचारा. तरुण, किडनी उत्तम, कान ठीक, घरात काळजी घ्यायला माणूस असेल तर १०० ची रीत आजही चोख आहे.

आणखी एक दिलासा. उपचारभरात मिळून दर चौरस मीटरला २०० मिग्रॅ सिस्प्लॅटिन गेलं, तर मुख्य फायदा पदरात पडतो असं डॉक्टर धरून चालतात. म्हणजे १०० चे दोन किंवा ४० चे पाच डोस. तिसरा मोठा डोस रक्त कमी झालं म्हणून किंवा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलं म्हणून रद्द झाला तर घरात रडारड होते. ती होऊ नये.

सिस्प्लॅटिन चालणार नसेल तर

किडनी अधू, ऐकू आधीच कमी, हातापायांच्या नसा खराब, हृदय कमजोर. अशा रुग्णाला आजवर एक तर नुसतं रेडिएशन मिळायचं किंवा महागडं इंजेक्शन सुचवलं जायचं. इथे टाटा मेमोरियलच्याच चाचणीनं मोठं काम केलं. सिस्प्लॅटिन न चालणाऱ्या ३५६ रुग्णांत रेडिएशनसोबत आठवड्याला डोसिटॅक्सेल हे किमोचं औषध अगदी कमी डोसमध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला १५ मिग्रॅ, दिलं. २ वर्षांनी जिवंत असणारे ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये हा निकाल आला. औषध जुनं, जेनेरिक, परवडणारं. तोंड येण्याचा आणि गिळण्याचा त्रास यानंही वाढतो, पण किडनी आणि कान वाचतात. सिस्प्लॅटिन नाकारलं गेलं असेल तर मी पहिल्यांदा याबद्दल विचारेन.

सेटुक्सिमॅब या महागड्या इंजेक्शनचं नावही ऐकू येईल. नुसत्या रेडिएशनपेक्षा ते सरस आहे, हे २००६ पासून माहीत आहे: ३ वर्षांनी जिवंत असणारे ५५ विरुद्ध ४५ टक्के. पण सिस्प्लॅटिन घेऊ शकणाऱ्या रुग्णाला 'त्रास कमी' म्हणून ते देणं चुकीचं. एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी हे तपासलं आणि दोन्हींत सेटुक्सिमॅब सिस्प्लॅटिनपेक्षा कमी पडलं. खर्च लाखांत जातो. त्यासाठी दागिने गहाण टाकण्यापूर्वी हे माहीत असलेलं बरं. कार्बोप्लॅटिनही सर्रास वापरलं जातं, पण एकटं दिल्यास त्यामागचा पुरावा सिस्प्लॅटिनइतका भक्कम नाही.

इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांबद्दल, थोडक्यात. किमो-रेडिएशन हाच मुख्य उपचार असताना त्यात ती जोडून बघितली गेली, दोन मोठ्या चाचण्यांत अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही. २०२५ मध्ये आशादायक निकाल आले, पण ते ऑपरेशन होणाऱ्या रुग्णांसाठीचे, ऑपरेशनच्या आगेमागे दिलेल्या औषधांचे आहेत.

आधी किमो, मग रेडिएशन?

'दोन-तीन किमो देऊन गाठ लहान करू, मग पुढचं बघू' हे ऐकायला फार तर्कशुद्ध वाटतं. गाठ खरंच लहान होते, रुग्णाला बरं वाटतं, घरात हुरूप येतो. पण थेट एकत्र उपचारापेक्षा आयुष्य वाढतं असं सर्वसाधारणपणे सिद्ध झालेलं नाही, आणि मोठा धोका हा की बरं वाटल्यावर माणूस पुढचा उपचारच सोडतो. मी हा मार्ग दोन ठिकाणी समजू शकते: तोंडाची गाठ आज काढता येत नाही पण लहान झाली तर काढता येईल अशी सीमारेषेवरची असेल तेव्हा, आणि स्वरयंत्र वाचवायचं असेल तेव्हा.

स्वरयंत्राची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण आवाज जाणं म्हणजे काय हे शिक्षक, कीर्तनकार, भाजीवाली, कंडक्टर यांना विचारा. अमेरिकेत ५०० हून अधिक रुग्णांवर तीन मार्गांची तुलना झाली. २ वर्षांनी स्वरयंत्र शाबूत असलेले: किमो-रेडिएशन एकत्र ८८ टक्के, आधी किमो मग रेडिएशन ७५ टक्के, नुसतं रेडिएशन ७० टक्के. आवाज वाचवण्यासाठी एकत्र उपचार सरस, यात शंका नाही. पण १० वर्षांच्या पाठपुराव्यात एकूण आयुष्यमानात एकत्र उपचाराची सरशी दिसली नाही, आणि त्या गटात कॅन्सरव्यतिरिक्त कारणांनी मृत्यू जास्त आढळले.

शिवाय यंत्र जागेवर असणं आणि ते चालणं यात अंतर आहे. कॅन्सरनं स्वरयंत्राची कूर्चा (मऊ हाड) फोडली असेल, श्वासासाठी आधीच गळ्याला छिद्र पाडावं लागलं असेल किंवा प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल, तर ते वाचवून हाती फारसं लागत नाही. तिथे ऑपरेशन करून, पुढे कृत्रिम झडपेच्या मदतीनं बोलायला शिकणं हा सन्मानाचा आणि अनेकदा जास्त सुरक्षित मार्ग आहे.

निर्णय खरा टिकतो तो सात आठवड्यांत

मुख्य उपचार म्हणून रेडिएशन असेल तर साधारण ७० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप), ३५ वेळा, सात आठवडे. ऑपरेशननंतर ६० ते ६६ ग्रे, सहा ते साडेसहा आठवडे, आणि सुरुवात ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत. हा कालावधी लांबला तर उरलेल्या कॅन्सरपेशी झपाट्यानं वाढतात. लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्यानं घटते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आता किमोचे ते साडेसहा टक्के आठवा. तोंड आलं म्हणून, सण आला म्हणून, गाडीभाडं संपलं म्हणून एक आठवडा लाईट बुडाली, तर किमोची कमाई जवळपास तिथेच संपली.

म्हणून रुग्णालय निवडताना मी 'सगळ्यात मोठं कुठलं' याच्याऐवजी 'सात आठवडे न चुकता कुठे जाता येईल' हे विचारेन. निदान आणि उपचाराचा आराखडा टाटासारख्या ठिकाणी तपासून घ्यावा, आणि लाईट घराजवळच्या चांगल्या केंद्रात घ्यावी, हा मार्ग अनेकांना जमण्यासारखा आहे. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय अशी केंद्रं याच गरजेतून उभी आहेत. मुंबईतच राहावं लागलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कितीतरी कुटुंबांचा आधार आहे. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत किमो आणि रेडिएशन दोन्ही बसतात. मंजुरीचे कागद पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात द्या, कारण मंजुरीसाठी थांबलेला आठवडाही आठवडाच असतो.

सुरू करण्याआधी दात. किडलेले, हलणारे दात रेडिएशनच्या दोनेक आठवडे आधी काढून टाका, म्हणजे जखम भरते. रेडिएशननंतर जबड्याचं हाड बरं व्हायची ताकद गमावतं, मग गावातल्या दवाखान्यात सहज काढलेली दाढ हाड सडण्यापर्यंत नेऊ शकते. हे आयुष्यभर लक्षात ठेवायचं आहे.

नाकातल्या नळीबद्दल फार गैरसमज आहेत. नळी लागली म्हणजे आता शेवट, असं शेजारीपाजारी बोलतात. प्रत्यक्षात किमोसोबतच्या रेडिएशनमध्ये नळी ही उपचार पूर्ण करण्याची शिडी आहे. रेडिएशनवेळी डोकं-मान स्थिर धरणारा मास्क सैल व्हावा इतकं वजन उतरलं तर किरणांचा नेमही बिघडतो आणि मास्क, आराखडा पुन्हा करावा लागतो. नळीतून दूध, पातळ पेज, गाळलेलं डाळीचं पाणी, अंडं, प्रोटीन पावडर जात राहिलं पाहिजे. पण नळी असली तरी रोज थोडं थोडं पाणी तोंडानं गिळत राहायचं, नाहीतर गिळण्याचे स्नायू आखडतात. तोंड उघडण्याचा व्यायामही पहिल्या दिवसापासून.

सिस्प्लॅटिनच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस भरपूर पाणी हवं. तोंडानं जात नसेल तर नळीनं, तेही नाही तर सलाइननं. दर डोसआधी क्रिएटिनिन, आणि सुरुवातीला कानाची तपासणी. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनानं घेऊ नका, त्या किडनीवर दुहेरी घाव घालतात. किमोनंतर ताप १०० च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

आणि तंबाखू पूर्ण बंद. उपचार चालू असताना विडी-सिगारेट ओढत राहिलेल्यांत रेडिएशनचा परिणाम कमी होतो. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, हे घरातल्या मावशी-आत्यांना प्रेमानं पण ठामपणे सांगावं लागतं.

मशीनबद्दल विचारायचं एकच: आयएमआरटी आहे का? यात लाळग्रंथी वाचवून किरण देता येतात. ब्रिटनमधल्या चाचणीत वर्षभरानंतर कोरड्या तोंडाचा लक्षणीय त्रास जुन्या पद्धतीत ७४ टक्के आणि आयएमआरटीत ३८ टक्के रुग्णांना होता. भाकरीचा तुकडा पाण्याशिवाय गिळता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते ज्याचं तोंड सुकलंय त्यालाच कळतं.

मी कुणाला काय सुचवेन

तुमच्या रुग्णाची फाईल मी पाहिलेली नाही, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. डॉक्टरांशी बोलायला बसताना हाताशी ठेवायचा कल समजा.

पन्नाशीतला माणूस, घशाचा किंवा स्वरयंत्राचा तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचा कॅन्सर, किडनी आणि कान ठीक: एकत्र उपचारच, आणि तोही पूर्ण. गालाच्या ऑपरेशननंतर गाठीचं आवरण फुटलेलं, वय साठीच्या आत: रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन. तेच ऑपरेशन, पण कडा स्वच्छ आणि आवरण शाबूत: नुसतं रेडिएशन. क्रिएटिनिन वाढलेले काका: डोसिटॅक्सेलबद्दल विचारा, नाहीतर सहा दिवसांची लाईट. पंचाहत्तरीच्या आजी, वजन घटलेलं, दिवसाचा बराच वेळ अंथरुणात: नुसतं रेडिएशन, गरज पडल्यास कमी दिवसांचं, आणि वेदना आटोक्यात ठेवण्यावर पूर्ण लक्ष.

निर्णयात खुद्द रुग्णाला सामील करा. आपल्याकडे रिपोर्ट बाबांपासून लपवून सगळं ठरवायची रीत अजून गेलेली नाही. पण सात आठवडे मास्कखाली झोपायचं आहे ते बाबांना, आणि काय चाललंय हे ज्याला माहीत असतं तोच पाचव्या आठवड्यात, घसा पेटलेला असताना, उठून लाईटला जातो.

उपचार संपल्यावरचे पहिले दहा-बारा दिवस सर्वात अवघड असतात. लाईट थांबली तरी तोंडाचा त्रास लगेच उतरत नाही, त्यामुळे सुट्टी मिळाली म्हणून नळी आणि वेदनेची औषधं लगेच बंद करू नका. मानेत गाठी होत्या आणि किमो-रेडिएशन हाच मुख्य उपचार होता, तर पेट स्कॅन उपचारानंतर साधारण १२ आठवड्यांनी करतात. घाईनं आधी केला तर सूज कॅन्सरसारखी चमकते आणि उगाच घबराट होते. ब्रिटनमधल्या २०१६ च्या एका चाचणीनं दाखवून दिलं की तो स्कॅन स्वच्छ आला तर मानेचं ऑपरेशन सरसकट करायची गरज नाही. त्यानंतर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी करत राहा. मानेवरच्या रेडिएशननं थायरॉइड हळूहळू मंदावू शकतं, आणि तो थकवा 'कॅन्सरचाच' समजून लोक वर्षभर विनाकारण सोसत राहतात. रोजच्या एका स्वस्त गोळीनं तो जातो.